एका पानाचा स्वयंपाक

सुटीच्या दिवशी कधी कधी असे घडते, की आई कामावर गेलेली असते, वडील परगावी असतात, आजी शेजारच्या घरी कार्याला गेलेली असते आणि घरात आपण एकटेच उरतो. सकाळी हे एकटेपण मोठे गमतीचे वाटते. हवे ते पुस्तक वाचावे, हवे तेथे लोळावे, कोणी रागे भरणारे नाही. परंतु दुपारचे बारा वाजतात, पोटात कावळे ओरडू लागतात आणि मग आपण फडताळातले डबे हुडकू लागतो. एका डब्यात चार बिस्किटे सापडतात. दुसऱ्याच्या तळाशी थोडासा मऊ पडलेला चिवडा असतो. तो उभ्या उभ्याच तोंडात टाकावयाचा, वर पेलाभर पाणी प्यावयाचे आणि जेवण झाले असे म्हणावयाचे! भूक मोडते, पण जेवल्याचे समाधान काही लाभत नाही.

मौज अशी, की त्याच वेळी त्याच घरात तांदूळ असतात, डाळ असते, तेलमीठ असते, पाणी असते. उणीव असते ती एकाच गोष्टीची. या साऱ्यांचे जेवण करण्याची विद्या तेवढी आपल्यापाशी नसते. भरल्या घरात उपाशी बसणे यासारखे दुसरे परावलंबन ते कोणते? ही विद्या अवघड नाही. शिवाय, जी मुले ती शिकतात त्यांना तिच्यात एक निराळाच आनंद सापडतो. तो आनंद कोणता, हे आपण आता पाहू.

कोणतीही विद्या पायरीपायरीने शिकावी. स्वयंपाकाची पहिली पायरी विस्तवावाचून चढता येते. दडपे पोहे हा त्याचा उत्तम नमुना होय. पातळ पोहे चाळून घ्यावेत. त्यांत ओले खोबरे, बारीक चिरलेला कांदा आणि काकडी, कोथिंबीर, लिंबाचा रस, मीठ आणि चवीपुरती साखर घालावी. सर्व हलक्या हाताने कालवावे आणि वर झाकण ठेवून ते अर्धा तास दडपून ठेवावे. खोबऱ्याचा, काकडीचा आणि लिंबाचा ओलावा पोह्यांत शिरतो आणि कडकडीत पोहे आपोआप मऊ होतात. वरून फोडणी घातली तर बहारच. पण न घातली तरी बिघडत नाही. काकडीची कोशिंबीर, ताक, दहीपोहे हे पदार्थही याच पायरीवरचे. हात स्वच्छ धुणे, विळीवर किंवा सुरीने बोटे सांभाळून चिरणे, मापाने घेणे आणि चव पाहणे, हे चार धडे येथे विस्तवाच्या धास्तीवाचून गिरवता येतात.

दुसरी पायरी विस्तवाची. ती चढताना प्रथम काही दिवस घरातील वडील माणूस जवळ असावे. त्यांच्या देखत चार-सहा वेळा शेगडी पेटवून, पदार्थ करून, शेगडी विझवून दाखवावी. मगच एकट्याने करण्याची परवानगी मागावी. परवानगी मिळेपर्यंत वाट पाहण्यात कमीपणा नाही. पोहणारासही पहिल्या दिवशी कोणी खोल विहिरीत एकटे सोडत नाही.

शेगडीपाशी उभे राहताना काही नियम पाळावेत. सैल ओढणी, लोंबत्या बाह्या, मोकळे केस विस्तवापासून दूर असावेत. गरम भांडे उचलावयाचे ते सांडशीने किंवा जाड कोरड्या फडक्याने. ओल्या फडक्यातून उष्णता चटकन हाताला पोहोचते. झाकण काढताना ते आपल्याकडे न उघडता पलीकडच्या बाजूने उघडावे, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. तेल पेटले तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. अशा वेळी शेगडी बंद करावी आणि हात पोळणार नाही अशा रीतीने भांड्यावर झाकण सरकवावे.

आपल्या घरी नळकांड्यातून येणाऱ्या गॅसला मुळात वास नसतो. तो गळू लागला तर कळावे म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. तसा वास आला तर काडी ओढू नये, विजेचे बटण लावू नये व बंदही करू नये. शेगडी व नळकांड्याची चावी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि मोठ्या माणसास हाक मारावी. हे नियम भिण्यासाठी नाहीत. ज्याला धोका कोठे आहे हे ठाऊक असते, तोच निर्धास्तपणे काम करू शकतो.

आता एका पानाचा पूर्ण स्वयंपाक करून पाहू. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी घेऊ. अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ ताटात घेऊन निवडावी. दोन-तीन पाण्यांनी धुऊन निथळत ठेवावी. एका भांड्यात तीन वाट्या पाण्याचे आधण ठेवावे. दुसऱ्या शेगडीवर जाड बुडाचे पातेले ठेवून त्यात दोन चमचे तेल घालावे. तेल तापले, की त्यात मोहरीचे चार दाणे टाकून पाहावेत. ते लागलीच तडतडले, म्हणजे तेल तापले असे समजावे.

मोहरी तडतडते ती का? दाण्याच्या पोटात किंचित पाणी असते. तापल्या तेलात त्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडावयास वाट नसते, म्हणून ती साल फोडून बाहेर येते. मोहरीमागून जिरे, चिमूटभर हिंग आणि सर्वांत शेवटी हळद घालावी. हळद फार लवकर करपते. हिंगाचा व जिऱ्याचा सुवास पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो आणि तेलाबरोबर साऱ्या पदार्थात पसरतो. म्हणूनच फोडणी नुसत्या पाण्यात करून चालत नाही. फोडणीचा चुर्र असा आवाज आणि त्यामागून उठणारा वास, यांनी एकट्या घराचे एकटेपण निम्मे पळून जाते.

मग निथळलेले डाळ-तांदूळ फोडणीत घालून दोन मिनिटे परतावेत. आधणाचे पाणी कडेकडेने, हळूहळू ओतावे आणि मीठ घालावे. उकळी आली, की आच मंद करावी आणि झाकण किंचित तिरके ठेवावे. डाळीतील काही द्रव्यांमुळे पाण्यावर फेस जमतो. झाकण घट्ट बसवले तर त्याच फेसाखाली वाफ कोंडून सारे उतास येते. अधूनमधून डाव फिरवावा, नाही तर खिचडी बुडाला लागते.

वीस-पंचवीस मिनिटे वाट पाहावयाची. या अवधीत पातेल्यात काय चाललेले असते? तांदळाचा कण बहुतांशी पिष्टाचा बनलेला असतो. पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले, की पिष्टाचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगू लागतात. टणक दाणा मऊ होतो तो त्यामुळेच. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांस उकळते. परंतु महाबळेश्वरासारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या गावी हवेचा दाब कमी असल्यामुळे ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते आणि त्यामुळे तेथे डाळ शिजावयास अधिक वेळ लागतो. याच्या उलट, भांड्यात वाफ कोंडून दाब वाढवला, तर पाणी अधिक तापते व अन्न लवकर शिजते. दनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये असे झाकणबंद भांडे करून दाखवले. आपल्या घरातील शिट्टी देणारा कुकर हा त्याचाच वंशज होय.

दाणा दोन बोटांत चेपून पाहावा. तो सहज चेपला, म्हणजे शेगडी बंद करावी आणि पाच मिनिटे झाकण न काढता वाफ मुरू द्यावी. मग पाट मांडावा, ताट घ्यावे. वाफाळती खिचडी, वर साजूक तुपाची धार, शेजारी भाजलेला पापड आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. हे सर्व एकाच पानासाठी!

येथे कोणी म्हणेल, "एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पाहुणे असते तर गोष्ट वेगळी." या प्रश्नाचा नीट विचार केला पाहिजे. पाहुण्यांसाठी आपण ताट पुसून घेतो, पाणी भरून ठेवतो, लोणचे आठवणीने वाढतो. हे आपण करतो, कारण त्या माणसाविषयी आपणांस आदर असतो. मग पाहणारे कोणी नसताना आपण स्वतःच्या पुढे काय वाढतो, यावरून आपला स्वतःविषयीचा आदर कळून येतो. कोणी पाहत नसतानाही जो नीट बसून, नीट वाढून घेऊन जेवतो, त्याचे नीटनेटकेपण दाखवण्यापुरते नसते. ते त्याच्या स्वभावातच मुरलेले असते.

एकट्याच्या स्वयंपाकात आणखी एक गंमत आहे. पाककृतीच्या पुस्तकांत 'चवीपुरते मीठ' असा एक शब्दप्रयोग असतो. कोणाच्या चवीपुरते? घरात पाच माणसे असली, म्हणजे आजोबांना तिखट सोसत नाही, धाकट्याला कोथिंबीर आवडत नाही, कोणाला मीठ कमी लागते. या सर्वांची मने सांभाळून आई जी चव साधते ती घराची चव. आपली स्वतःची चव कोणती, हे आपणांस पुष्कळदा ठाऊकच नसते. एकट्याने करून खाताना ती सापडते. आज मिरे घालून पाहावेत, उद्या लसणीच्या चार पाकळ्या, परवा शेंगदाण्याचे कूट. बिघडले तर बिघडले! खिचडी फार घट्ट झाली तर गरम पाणी घालून सारखी करता येते; मीठ अधिक पडले तर थोडा साधा भात मिसळता येतो. चूक करणारा आणि ती खाणारा एकच असतो, म्हणून रागावणारे कोणी नसते. पुढच्या खेपेस हात आपोआप बेताने पडतो.

या खिचडीला कमी लेखू नये. तिचे कूळ जुने आहे. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून हिंदुस्थानात आलेला प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवले आहे, की येथील लोक मूग तांदळाबरोबर शिजवतात, तूप घालून सकाळी खातात आणि तिला 'किश्री' म्हणतात. तिच्या लोकप्रियतेचे कारण आता शास्त्रानेही सांगितले आहे. शरीराच्या वाढीस प्रथिने लागतात आणि प्रथिने निरनिराळ्या घटकांची बनलेली असतात. तांदळात लायसीन नावाचा घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनीन कमी असते. ते तांदळात पुरेसे असते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. आपल्या आज्या-पणज्यांना ही नावे ठाऊक नव्हती, परंतु जोडी त्यांनी अचूक जमवली होती.

काही मुलांना वाटते, की स्वयंपाक हे मुलींचे काम आहे. तसे म्हणणाऱ्याने महाभारत आठवावे. अज्ञातवासाच्या वर्षी गदाधारी भीम बल्लव हे नाव घेऊन विराट राजाच्या मुदपाकखान्यात राहिला. नळ राजा रूप पालटून बाहुक या नावाने वावरत असता त्याने रांधलेल्या अन्नाची चव घेऊन दमयंतीने त्याला ओळखले. रूप लपले, पण हाताची चव लपली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभार, हत्ती-घोडे, संगीत यांच्याबरोबर अन्नाचे वर्णनही त्याने आवडीने केले आहे. भूक लागताना ती मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही; मग ती भागवण्याची विद्या एकाच्याच वाट्याला का यावी?

महात्मा गांधींचे उदाहरण तर आपल्या काळाला अधिक जवळचे आहे. ते १८८८ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथे खर्च कमी करावा म्हणून त्यांनी पुढे एकच खोली घेतली, एक शेगडी विकत आणली आणि सकाळची न्याहारी हाताने करावयास आरंभ केला. ओटच्या भरड्याची लापशी शिजवावयाची आणि कोकोसाठी पाणी उकळावयाचे, एवढाच तो स्वयंपाक. त्याला वीस मिनिटांहून अधिक वेळ क्वचितच लागे. दुपारी ते बाहेर जेवत आणि रात्री खोलीवर पाव व कोको घेत. अशा रीतीने दिवसाला एक शिलिंग तीन पेन्स एवढ्या अल्प खर्चात ते राहू लागले. या साधेपणाने आपले जीवन अधिक सत्यमय झाले आणि मनाला फार आनंद झाला, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. परमुलखात, एकट्या खोलीत, स्वतःच्या हाताने शिजवलेली ती लापशी एका विद्यार्थ्याच्या स्वावलंबनाची पहिली पायरी ठरली.

तुमच्यापैकी पुष्कळ जण आणखी पाच-सात वर्षांनी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी जातील. तेथे खानावळीचे जेवण मिळेल; पण एखादे दिवशी ती बंद असेल, एखादे दिवशी अंगात कणकण असेल, एखादे दिवशी नुसतीच घराची आठवण येईल. त्या दिवशी ज्याला वाटीभर मऊ खिचडी करता येईल, त्याला परके गाव थोडे कमी परके वाटेल. ज्यांना शिकवावयास घरी कोणी नसेल त्यांनीही निराश होऊ नये. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. घरातल्या वाटी-चमच्याने मापून स्वयंपाक करावयास अनेकांनी त्यातूनच शिकून घेतले.

जेवण झाले म्हणजे स्वयंपाक संपला, असे मात्र समजू नये. पातेल्यात लागलीच पाणी घालून ठेवावे. पिष्ट वाळले, की ते भांड्याला घट्ट चिकटते. ताट-वाटी घासून पालथी घालावी, ओटा पुसावा, शेगडी बंद आहे ना हे पुन्हा एकदा पाहावे. उरलेले अन्न झाकून थंड जागी ठेवावे. शिजलेला भात उन्हाळ्यात फार वेळ बाहेर राहिला तर तो बाधतो.

ही आवराआवर करताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एका पानासाठी निवडणे, धुणे, चिरणे, शिजवणे, घासणे यांत आपला तासभर गेला. घरात पाच पाने मांडली जातात, आणि तीही दिवसातून दोन वेळा, म्हणजे वर्षातून ७३० वेळा. त्यांपैकी कितींदा आपण "आज भाजी अळणी झाली" असे म्हटले आणि कितींदा "आज आमटी फार छान झाली" असे म्हटले? जो एकदा स्वतः रांधतो, तो पानात टाकावयास कचरतो आणि वाढणाऱ्या हाताकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. एकट्याने केलेल्या स्वयंपाकाचा हा मोठा लाभ होय.

म्हणून मुलांनो, पुढच्या खेपेस घरी एकटे राहण्याचा प्रसंग आला, तर बिस्किटांचा डबा शोधण्यापूर्वी तांदळाच्या डब्याकडे पाहा. मूठभर अधिकच घ्या. संध्याकाळी आई दमून घरी येईल तेव्हा खिचडी गरम करून तिच्यासाठी पान मांडा. तिला ती थोडी अळणी लागली, तरी ती तसे बहुधा सांगणार नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) भरल्या घरात उपाशी बसणे याला लेखकाने परावलंबन का म्हटले आहे?
(आ) तापल्या तेलात मोहरी का तडतडते?
(इ) महाबळेश्वरास डाळ शिजावयास अधिक वेळ का लागतो?
(ई) डाळ आणि तांदूळ एकमेकांची उणीव कशी भरून काढतात?
(उ) दमयंतीने नळाला कशावरून ओळखले?

२. कारणे द्या.
(अ) हळद फोडणीत सर्वांत शेवटी घालतात.
(आ) पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये.
(इ) गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळतात.

३. 'कोणी पाहत नसतानाही नीटनेटके असणे' या विचाराविषयी तुमच्या अनुभवातील एक उदाहरण आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : पोटात कावळे ओरडणे, उतास येणे, रागे भरणे, मन सांभाळणे.

५. पुढील शब्दांचे अर्थ सांगा : फडताळ, आधण, निर्धास्त, मुदपाकखाना, अळणी, परमुलूख.

६. 'एकट्याने करून खाताना ती सापडते.' या वाक्यातील सर्वनाम कोणते? ते कोणत्या नामाबद्दल आले आहे?

७. उपक्रम : घरातील वडील माणसास विचारून एक सोपा पदार्थ शिकून घ्या. त्याचे साहित्य, मापे व कृती क्रमाने वहीत लिहा.